जमिनीखाली किरणोत्सारी पदार्थ कुठवर जातील? भूजलाच्या रसायनावरून अंदाज बांधण्याची पद्धत

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड हे ठिकाण आहे. अणुबॉम्ब बनवण्याच्या मॅनहॅटन प्रकल्पासाठी लागणारं प्लुटोनियम तयार करायला ते १९४३ साली उभं राहिलं. त्याच्या दक्षिण टोकाला, ‘३०० एरिया’ म्हणतात तिथे, अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचं इंधन घडवलं जाई आणि कारखान्याचं सांडपाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत आणि चरांत सोडलं जाई. पुढे सांडपाणी बंद झालं, दूषित माती उपसली गेली आणि १९९६ साली असं ठरलं की भूजलातलं युरेनियम दहा वर्षांच्या आत आपोआप मर्यादेखाली येईल, तोवर नुसतं लक्ष ठेवावं. दहा वर्षं उलटून गेली तरी युरेनियम तिथेच होतं.

त्या अंदाजात युरेनियम मातीला किती चिकटतं याचा एकच स्थिर आकडा धरला होता. प्रत्यक्षात तो आकडा पाण्याच्या रसायनावर अवलंबून असतो, आणि नदीकाठचं पाणी ऋतूप्रमाणे, कधी तर दिवसाच्या दिवसात बदलतं. माझं ठाम मत असं की दूषित जागेचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर किरणोत्साराच्या आकड्यावर जाते, आणि पीएच, बायकार्बोनेट, नायट्रेट, लोह हे रकाने कुणी वाचतच नाही. दूषण कुठवर जाणार हे त्याच रकान्यांत लिहिलेलं असतं. ते कसे वाचायचे, हे भूजलशास्त्राचे विद्यार्थी, सर्वेक्षणात काम करणारे आणि अहवाल समजून घेऊ पाहणारे नागरिक यांच्यासाठी क्रमाने मांडतो आहे. उदाहरणं मुख्यतः हॅनफर्डचीच घेतली आहेत, कारण एकाच जागी इतके वेगवेगळे किरणोत्सारी पदार्थ आणि त्यांच्या इतक्या नोंदी क्वचितच सापडतात.

पायरी १ : आधी पदार्थ ओळखा

‘किरणोत्सारी दूषण’ असा एकच पदार्थ नसतो. प्रत्येक मूलद्रव्याचं पाण्यातलं वागणं निराळं असतं. किरणोत्सारी असल्यामुळे त्या वागण्यात काही फरक पडत नाही. युरेनियमचे सगळे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) पाण्यात एकसारखेच वागतात, आणि स्ट्रॉन्शियम-९० हे साध्या स्ट्रॉन्शियमसारखंच वागतं.

ट्रिटियम सर्वात सोपं. तो हायड्रोजनच असल्याने पाण्याच्या रेणूत बसतो आणि पाण्याच्याच वेगाने जातो. तिथे रसायनाला काही वाव नाही. त्याचं अर्धायुष्य (निम्मा पदार्थ नष्ट व्हायला लागणारा काळ) १२.३ वर्षं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

टेक्नेशियम-९९ आणि आयोडीन-१२९ हे ऑक्सिजनयुक्त पाण्यात ऋणायन असतात. मातीच्या कणांवरचा भारही बहुधा ऋणच असतो, त्यामुळे टेक्नेशियम जवळजवळ अजिबात अडत नाही आणि आयोडीन थोडंफारच अडतं. पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षं, दुसऱ्याचं दीड कोटी वर्षांहून जास्त. त्यामुळे वाट पाहून सुटका होईल अशी आशा इथे ठेवता येत नाही.

स्ट्रॉन्शियम-९० आणि सिझियम-१३७ हे धनायन. दोघांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. ते मातीला धरून राहतात, पण त्यांची पकड सोडवणारे प्रतिस्पर्धी पाण्यात असतात. युरेनियम, प्लुटोनियम आणि टेक्नेशियम यांची संयुजा बदलते, म्हणून त्यांच्या बाबतीत पाण्यात ऑक्सिजन आहे की नाही यावर बरंच काही ठरतं.

पायरी २ : नमुना विहिरीवरच नीट घ्या

या पायरीवर चूक झाली तर पुढचं सगळं गणित फुकट जातं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जमिनीखालचं पाणी दाबाखाली असतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ते वर आलं की वायू उडून जातो, पीएच वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट साकळायला लागतं. पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर हवा लागताच त्याचा तांबूस गाळ होतो, आणि हा ताजा गाळ युरेनियम ओढून घेतो. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाण्यातलं युरेनियम कमी झालेलं असतं आणि अहवालात खोटा दिलासा मिळतो.

हे टाळायचं तर पुढची काळजी घ्या. पंप मंद चालवा. मिनिटाला साधारण ०.१ ते ०.५ लिटर पुरे. पाणी हवेला न लागता बंद कक्षातून वाहू द्या आणि त्यातच मापकं बसवा. पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता) यांची दर काही मिनिटांनी नोंद करा. लागोपाठ तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत, ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत आणि ओआरपी १० मिलिव्होल्टच्या आत राहिला, की मग बाटल्या भरा. क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) शक्यतो विहिरीवरच अनुमापन करून काढा.

बाटल्या वेगवेगळ्या लागतात. युरेनियम, लोह, कॅल्शियम वगैरे धातूंसाठी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. नायट्रेट, सल्फेट, क्लोराइड यांच्यासाठी गाळा, पण आम्ल घालू नका, थंड ठेवा. आयोडीनच्या बाटलीत आम्ल कधीही नको, कारण आयोडीन वायुरूपाने निसटतं. ट्रिटियमला गाळणी आणि आम्ल दोन्ही नकोत. प्लुटोनियमसारख्या पदार्थाची शंका असेल तर न गाळलेली एक बाटली आणि अतिसूक्ष्म गाळणीतून काढलेली एक बाटलीही घ्या. तसं का, ते सहाव्या पायरीत येईल.

पायरी ३ : अहवाल विश्वासाचा आहे का ते तपासा

पाण्यावर एकूण विद्युतभार नसतो, म्हणून धनायनांची आणि ऋणायनांची बेरीज जुळायलाच हवी. लिटरला मिलिग्रॅममधले आकडे असे भागा, म्हणजे प्रत्येकाचा भार मिलिसममूल्यांत मिळतो: कॅल्शियम २०.०४ ने, मॅग्नेशियम १२.१५ ने, सोडियम २३ ने, पोटॅशियम ३९.१ ने, बायकार्बोनेट ६१ ने, क्लोराइड ३५.४५ ने, सल्फेट ४८ ने, नायट्रेट ६२ ने. दोन्ही बाजूंच्या बेरजांतला फरक भागिले दोन्हींची एकत्र बेरीज, गुणिले १००. उत्तर ५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा, नाहीतर प्रयोगशाळेला विचारा.

इथे हमखास दोन घोटाळे होतात. बऱ्याच अहवालांत क्षारता ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ दिलेली असते. पीएच ८.३ च्या खाली असेल तर तिला १.२२ ने गुणलं की बायकार्बोनेट मिळतं. म्हणजे क्षारता ३०० असेल तर बायकार्बोनेट ३६६ मिलिग्रॅम, आणि ६१ ने भागल्यावर ६ मिलिसममूल्य. दुसरा घोटाळा नायट्रेटचा. आकडा ‘नायट्रोजन म्हणून’ दिला असेल तर नायट्रेट त्याच्या ४.४३ पट असतं.

पायरी ४ : पाण्यात ऑक्सिजन आहे का, आणि नसेल तर काय चाललंय

युरेनियम सहा संयुजेचं असेल तर विरघळतं, चार संयुजेचं असेल तर खनिज बनून बसतं. टेक्नेशियमही तसंच: सात संयुजेचं वाहतं, चारचं थांबतं. गॅबनमधल्या ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गातच अणुविखंडन घडलं होतं. तिथलं युरेनियम आणि विखंडनातून निघालेली कित्येक द्रव्यं आजही बहुतांशी जागेवर सापडतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथलं ऑक्सिजनविरहित वातावरण.

ओआरपी मापकाच्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. जमिनीखालच्या अभिक्रिया समतोलात नसतात आणि तो इलेक्ट्रोड सगळ्यांचं मिश्र उत्तर देतो. त्यापेक्षा सूक्ष्मजीव सध्या कशावर जगताहेत ते पाण्यातल्या पदार्थांवरून ओळखा. त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग मँगनीज ऑक्साइड, मग लोहाचे ऑक्साइड, मग सल्फेट.

ऑक्सिजन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर युरेनियम आणि टेक्नेशियम दोन्ही वाहतं आहे असं धरा. ऑक्सिजन नाही, पण नायट्रेट (नायट्रोजन म्हणून) ०.५ च्या वर आहे, तरीही सावध राहा. नायट्रेट शिल्लक असेपर्यंत पुढचे टप्पे नीट सुरू होत नाहीत, आणि आधी साकळलेलं युरेनियमही नायट्रेटमुळे पुन्हा विरघळू शकतं. दोन्ही संपलेले आणि विरघळलेलं लोह ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर युरेनियम आणि टेक्नेशियम थांबण्याची शक्यता चांगली.

कोलोराडो राज्यातल्या रायफल इथे जुन्या युरेनियम गिरणीच्या जागेवर संशोधकांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. २००२ पासून त्यांनी भूजलात ॲसिटेट सोडलं. ते खाऊन जिओबॅक्टर नावाचे जिवाणू वाढले, त्यांनी सहा संयुजेचं युरेनियम चार संयुजेचं केलं आणि युरेनियमचं विरघळलेलं प्रमाण झपाट्याने खाली आलं. मात्र असं साकळलेलं युरेनियम ऑक्सिजन परत आल्यावर टिकेलच असं नाही.

रेडियम मात्र याच्या नेमकं उलट वागतं. त्याची संयुजा बदलत नाही. ते लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडवर चिकटून असतं. पाण्यातला ऑक्सिजन संपून ते ऑक्साइड विरघळले की रेडियम मोकळं होतं. एका किरणोत्सारी पदार्थाला लागू पडलेला निष्कर्ष दुसऱ्याला लावायचा मोह होतो, तेव्हा हे उदाहरण आठवावं.

पायरी ५ : बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि प्रतिस्पर्धी आयन

ऑक्सिजनयुक्त पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य वाहक म्हणजे बायकार्बोनेट. आम्लधर्मी पाण्यात, पीएच ५ च्या खाली, युरेनियम लोहाच्या ऑक्साइडला फारसं चिकटत नाही. पीएच ६ ते ७ च्या आसपास ते घट्ट बसतं. पुढे पीएच वाढेल तशी पकड सुटते, पण ती पाण्यात कार्बोनेट असेल तरच. कार्बोनेट युरेनियमशी जोडून ऋणभारित संयुगं करतं, आणि त्यांना मातीच्या कणांवर जागा मिळत नाही. त्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम, युरेनियम आणि कार्बोनेट मिळून आणखी एक जोडणी होते. तिच्या एका रूपावर भारच नसतो. ही जोडणी मातीला जेमतेम चिकटते, शिवाय जिवाणूंनाही तिच्यातलं युरेनियम साकळवणं अवघड जातं. कठीण पाणी म्हणजे नुसता भांड्यांवरचा पांढरा थर नव्हे. युरेनियम असलेल्या भागात ते वेगळीच काळजी वाढवतं.

हेच भारतात दिसतं, आणि तेही अणुप्रकल्पाशी काही संबंध नसताना. राजस्थान आणि गुजरातमधल्या ३२४ विहिरींवरचा एक अभ्यास ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. खडकांतलं नैसर्गिक युरेनियम, ऑक्सिजनयुक्त पाणी आणि वाढलेलं बायकार्बोनेट एकत्र आलं की पाण्यात युरेनियम वाढतं, हे त्यातून दिसलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरो आणि जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दख्खनचा बेसॉल्ट आहे आणि बेसॉल्टमध्ये मुळातच युरेनियम कमी, बहुधा किलोला १ मिलिग्रॅमच्याही खाली. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कित्येक पट. म्हणून आपल्याकडे बायकार्बोनेट जास्त दिसलं म्हणजे लगेच युरेनियम असणारच असं नाही. आधी खडक पाहावा.

स्ट्रॉन्शियम आणि सिझियमसाठी प्रश्न वेगळा: मातीवरच्या जागांसाठी त्यांच्याशी झगडणारं कोण आहे? स्ट्रॉन्शियमचा प्रतिस्पर्धी कॅल्शियम. पाणी खारं आणि कठीण झालं की स्ट्रॉन्शियम सुटतं. सिझियमला अभ्रक आणि इलाइट या खनिजांच्या झिजलेल्या कडांवर फार पक्की जागा मिळते, तिथून ते सहसा हलत नाही. म्हणूनच हॅनफर्डला किरणोत्सारी द्रव कचरा साठवलेल्या टी-१०६ या टाकीतून १९७३ साली ४ लाख लिटरहून जास्त द्रव गळला तेव्हा टेक्नेशियम खोल गेलं, सिझियम टाकीच्या जवळ राहिलं. पण त्याच परिसरातल्या एसएक्स टाक्यांखाली सिझियम अपेक्षेपेक्षा खोल सापडलं. तिथल्या गळतीत सोडियमचं प्रमाण इतकं प्रचंड होतं की त्याने सिझियमच्या बहुतेक जागा अडवल्या. द्रव खाली जाताना पातळ झाला, सोडियम कमी झालं आणि सिझियम पुन्हा मातीला चिकटलं. माती तीच, बदललं ते पाणी.

पायरी ६ : छुपे वाहक शोधा

प्लुटोनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि मातीला घट्ट चिकटतं. तरी नेवाडातल्या अणुचाचणी क्षेत्रात १९६८ सालच्या ‘बेनहॅम’ चाचणीचं प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या विहिरींत मिळालं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून त्याचा उगम पटवला. ते विरघळलेलं नव्हतं. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कलिल कणांवर बसून ते गेलं होतं. हे कण १ मायक्रॉनपासून त्याच्या हजाराव्या भागाइतके लहान असतात, त्यामुळे नेहमीच्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून बरेचसे निसटतात आणि अहवालात ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. गाळणी बदलल्यावर आकडा बदलत असेल तर कलिल आहेत असं समजा. क्षार कमी असलेल्या पाण्यात ते जास्त टिकतात, खाऱ्या पाण्यात गोळा होऊन बसतात.

दुसरा छुपा वाहक म्हणजे सेंद्रिय रसायनं. अमेरिकेतल्याच ओक रिज इथे कोबाल्ट-६० गाडलेल्या कचऱ्यापासून दूर सरकलं, कारण सफाईसाठी वापरलेलं ईडीटीए हे धातूंना पकडणारं रसायन त्याला धरून पाण्यासोबत चाललं होतं. जागेचा जुना इतिहास काढताना कोणती सफाईची रसायनं वापरली होती, हे आवर्जून विचारा.

पायरी ७ : आता आकडेमोड

संगणकावर करायचं असेल तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची ‘फ्रीक-सी’ (PHREEQC) ही आज्ञावली मोफत मिळते. तिला पीएच, तापमान, आयन आणि ऑक्सिजनची स्थिती दिली की युरेनियम कोणकोणत्या रूपांत विभागलं आहे ते ती सांगते. तिच्यासोबत येणारी माहितीसाठ्याची फाइल निवडताना कॅल्शियम-युरेनियम-कार्बोनेटची जोडणी त्यात आहे ना, ते उघडून पाहा. जुन्या फाइलींत ती नसते आणि उत्तर भलतंच आशादायक येतं.

हाताने करायचा हिशोब छोटा आहे. मातीच्या एका ग्रॅमवर बसलेला पदार्थ आणि पाण्याच्या एका मिलिलिटरमधला पदार्थ यांचं गुणोत्तर म्हणजे वितरण गुणांक. मातीची स्थूल घनता भागिले सच्छिद्रता, गुणिले वितरण गुणांक, अधिक १, हा झाला मंदन गुणक. पाण्याच्या वेगाला त्याने भागलं की पदार्थाचा वेग मिळतो.

समजा घनता घन सेंटिमीटरला १.६ ग्रॅम, सच्छिद्रता ०.३ आणि पाणी वर्षाला १०० मीटर जातं. टेक्नेशियमचा वितरण गुणांक शून्य, म्हणून मंदन गुणक १. तेही १०० मीटर जाणार. युरेनियमचा १ धरला तर मंदन गुणक ६.३, वेग वर्षाला सुमारे १६ मीटर. स्ट्रॉन्शियमचा १५ धरला तर मंदन गुणक ८१, वेग जेमतेम १.२ मीटर. २८.८ वर्षांच्या एका अर्धायुष्यात ते सुमारे ३६ मीटर सरकेल, आणि दहा अर्धायुष्यांत, म्हणजे साधारण ३५५ मीटरवर, मूळच्या हजाराव्या भागाइतकंच उरेल.

मंदन गुणक ८१ याचा आणखी एक अर्थ आहे: ८१ भागांतला एकच भाग पाण्यात, बाकी ८० मातीवर. हॅनफर्डच्या एन अणुभट्टीजवळ १९९५ पासून स्ट्रॉन्शियमसाठी पाणी उपसून शुद्ध करणं चालू होतं. २००६ साली ते थांबवलं, कारण उपसा कितीही केला तरी साठा मातीतच राहत होता. त्याऐवजी नदीकाठच्या जमिनीत कॅल्शियम, सायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण सोडून अ‍ॅपेटाइट खनिजाची भिंत तयार केली. या खनिजात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसतं आणि अडकतं. टेक्नेशियमसारख्या न अडणाऱ्या पदार्थांसाठी मात्र उपसा हाच मार्ग बरा, आणि हॅनफर्डच्या पश्चिम भागात २०१२ पासून तो मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

वितरण गुणांक पुस्तकातून उचलू नका. त्याच जागेची माती आणि त्याच विहिरीचं पाणी घेऊन चाचणी करा. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेली चाचणी युरेनियमच्या बाबतीत फसवी ठरते, कारण त्यात बायकार्बोनेट नसतं. शिवाय चाचणी २ मिलिमीटरपेक्षा बारीक मातीवर होते. प्रत्यक्षात थरात ७० टक्के गोटे असतील तर तो आकडा ०.३ ने गुणावा लागतो. हॅनफर्डसारख्या गोट्यांच्या जमिनीत ही दुरुस्ती विसरली तर अंदाज तिप्पट चुकतो.

पायरी ८ : पाणी बदलेल तेव्हाचाही हिशोब करा

३०० एरियात नेमकं काय घडत होतं ते आता लक्षात येईल. कोलंबिया नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट कमी आहे, भूजलात जास्त. वसंतात बर्फ वितळून नदी चढते, शिवाय वरच्या प्रीस्ट रॅपिड्स धरणातल्या विसर्गामुळे पातळी रोजही हलते. नदी चढली की तिचं पाणी काठातून आत घुसतं. तिथे युरेनियम पातळ होतं आणि मातीला जास्त चिकटतं. त्याच वेळी आतल्या बाजूला भूजलाची पातळी वर सरकते आणि एरवी कोरडा असलेला युरेनियमयुक्त मातीचा थर भिजवते. तिथून नवं युरेनियम सुटतं. नदी उतरली की बायकार्बोनेटवालं भूजल परत येतं आणि ते घेऊन नदीकडे चालू लागतं. दर वर्षी हा साठा थोडा थोडा झिरपत राहिला. शेवटी २०१५ आणि २०१८ मध्ये त्या थरात फॉस्फेटची द्रावणं सोडून युरेनियम जागीच बांधण्याचं काम झालं.

म्हणून एका नमुन्यावर थांबू नका. विहिरीत पाणी सर्वात वर असताना आणि सर्वात खाली असताना, असे निदान दोन नमुने घ्या आणि दोन्हींसाठी मंदन गुणक वेगळा काढा. आसपास सिंचन वाढणार असेल, खतांचं नायट्रेट झिरपत असेल, नवं धरण किंवा पुनर्भरणाची चर होणार असेल, तर त्या पाण्याचं बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि ऑक्सिजन आधी मोजून हिशोबात घाला. अहवालात एकच वितरण गुणांक दिला असेल तर तो कोणत्या पीएचला, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या मातीवर काढला, ही तीन उत्तरं लेखी मागा. ती मिळेपर्यंत ‘दूषण इतक्या वर्षांत इथवर पोचेल’ हे वाक्य मान्य करू नका.